मागच्या रांगेतल्या आठ जणी

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम. हातात फोन असताना ह्याला पत्र कुठून सुचलं, असं म्हणशील. फोनवर तू "बरी आहे" म्हणतीस आणि ठेवून देतीस. पत्र मधीच ठेवता येत न्हाई, म्हणून हे.

शहागडच्या हॉटेलात मी चारच महिने टिकलो. तिथं कल्याणभाऊचा ट्रक थांबल्ता, आत गाद्यांत गुंडाळलेली वाद्यं, मुंबईच्या सिम्फनीवाल्यांची. हमाल म्हणून चढलो तो उतरलोच न्हाई. ताई, त्यांच्यात तांब्याचे नगारे असतात, पायानं दाबलं की सूर वर चढतो. एक व्हायोलिन तर आपल्या कपाटाएवढं, उभं राहून वाजवतात. साठ-सत्तर माणसं संचालकाच्या हातातल्या एका काडीकडे बघून एकदम थांबली की अंगावर काटा येतो. पण ते जाऊ दे, मी नगाऱ्यांचं सांगायला बसलो न्हाई.

मला राग आलाय. पुण्याच्या कार्यक्रमाला दोन महिने झाले तरी उतरत न्हाई. त्यात सिम्फनीवाल्यांबरोबर जर्मन गाणं गायचं म्हणून सात महिने दर रविवारी तू परतूरहून गाडीनं जालन्यात मस्तगडला राजानंद सरांकडे जायचीस. पोरांच्या वह्या तपासून झाल्या की ती चौकटीची वही काढायचीस, देवनागरीत लिहिलेले जर्मन शब्द. भाकरी थापताना तेच. आई म्हणायची, आता ही परदेशात नांदायला जाती की काय. सरांनी तुम्हाला विहारात गातो तसंच गायला लावलं, पोटातून, गळा मोकळा सोडून. चूक म्हणायची तर एवढीच.

आणि त्या संचालकानं सकाळच्या तालमीत दोनदा काडी आपटली. जालन्याच्या बायांचे आवाज वेगळे निघतात म्हणे, बाकीच्यांत मिसळत न्हाईत. तुम्हा आठ जणींना मागच्या रांगेत नेलं आणि चहा विचारावा तसं हसत सांगितलं, संध्याकाळी फक्त ओठ हलवा, रांग भरलेली दिसली पाहिजे. आवाज नको होते तर तालमी कशाला घ्यायच्या? पत्रिकेत 'जालन्याचा गायकवृंद' कशाला छापायचं? सर तर बुटाकडे बघत राह्यले. शिक्षकानं असं बुटाकडे बघावं का?

तू घरी जाऊन सांगितलंस की टाळ्या थांबत नव्हत्या. त्या थांबत नव्हत्याच, तेवढं बराबर सांगितलंस. आईनं गल्लीत पेढे वाटले. आता ती मला फोनवर सांगती, दोन पौर्णिमा झाल्या, भावना वंदनेला तोंड उघडत न्हाई. आधी सुरुवात तूच करायचीस. गिरिजाबाई म्हणाल्या म्हणे, "पुण्याला गाऊन आली बाई, आता आपल्यात कशाला गाईल." आईला वाटतं तुझा घसा बसला. तिनं ज्येष्ठमध आणून ठेवलाय.

तालमीतलं हे मला कसं माहीत, असं तुझ्या मनात येईल. मी तुला सांगितल्तं की दिवसभर ट्रकपाशीच होतो, आत आलोच न्हाई. ते खोटं होतं. सकाळी मी त्याच नगाऱ्यांमागं झाकणं घेऊन उभा होतो. सगळं ऐकलं. तालीम सुटल्यावर तुम्ही पायरीपाशी चपला घालत होता, तेव्हा त्या संचालकानं मला विचारलं, "तूही जालन्याचा ना? ओळखतोस का यांना?"

"न्हाई साहेब," म्हणालो मी.

तू पाठमोरी होतीस, चार हातांवर. ऐकलंस का न्हाई, मला माहीत न्हाई. ट्रकवरून काढतील याची भीती होती, आणि ताई, त्याहून जास्त लाज होती. तो हसल्ता ना, ते हसू माझ्याकडे वळू नये, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. दोन महिने त्याला शिव्या देऊन राह्यलो, पण रोज सकाळी त्याची काडी पुसून मीच ठेवतो.

पुढच्या आठवड्यात मोठी तालीम आहे. त्याला सगळ्यांसमोर सांगणार आहे की त्या आठ जणींतली एक माझी सख्खी बहीण, आणि मी खोटं बोललो. ठेवलं तर ठेवलं ट्रकवर. त्याच्या आधी तुला कळायला पाहिजे होतं. मला माफ कर असं म्हणत न्हाई. दोन वर्षं बोलू नको माझ्याशी. पण पौर्णिमेला विहारात गप बसू नको. त्या माणसानं सुद्धा तुला एका संध्याकाळपुरतंच गप बस म्हटल्तं.

तुझाच,
संघपाल