नसरीनचं स्पॅनिश गाणं

रविवार, संध्याकाळ

शेजारच्या वरातीत बँडवाल्यांनी आज तेच स्पॅनिश गाणं वाजवलं. कंपनीच्या बसमध्ये ते रोज लागायचं. शब्द कुणालाच येत नव्हते, म्हणून माझ्या शेजारी बसणाऱ्या नसरीननं त्या चालीत आमचे थांबेच बसवले होते: कांचनवाडी, नक्षत्रवाडी, गेवराई, शेवटी चितेगाव. "गा की माझ्यासंगं, लाजती कशाला?" म्हणायची. चितेगाव आलं की कंपनीच्या गेटवर उतरायचो. गाणं तिथंच अर्धं राहायचं.

लग्न होऊन ती हैदराबादला गेली. मी अजून त्याच बसनं जाते, पण गात नाय. का नाय, कुणास ठाऊक.

आज गच्चीवर उभी राहून हळूच गायले. कांचनवाडी, नक्षत्रवाडी, गेवराई, चितेगाव. ट्रम्पेट वाजतच राहिला. चितेगावच्या पुढं तिनं काही रचलंच नव्हतं.