नववी जोडणी

४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बडनेऱ्याला उतरले. अमरावती इथून किती लांब, असं ऑटोवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, मॅडम, अमरावतीले जो येते तो पयले बडनेऱ्यालेच येते, बसा. चव्वेचाळिसाव्या वर्षी नवं गाव, नवी नोकरी. धास्ती वाटायला हवी होती, पण गाडगेनगर येईपर्यंत मी चक्क आनंदात होते.

वाचनालय म्हणजे एक बैठं घर. छापील पुस्तकं जवळजवळ नाहीतच. अंध मुलामुलींसाठी माणसांनी मोठ्यानं वाचून रेकॉर्ड केलेली पुस्तकं इथं ऐकायला मिळतात. ऐकण्याच्या खोलीत आठ खुर्च्या, आठ हेडफोन. पलीकडे भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली रेकॉर्डिंगची खोली. मधे माझं टेबल आणि हे सगळं चालवणारा एकच संगणक. जानराव इथले शिपाई, राखणदार आणि चहावाले. त्यांनी दिवाळीचा उरलेला चिवडा पुढं केला आणि न विचारता सांगितलं की माझ्या आधीचे सर मशीनले भूत लागलं म्हनून नाही गेले, पगारापायी गेले, गैरसमज नोको.

६ नोव्हेंबर, बुधवार

जुनी व्यवस्था मोडकळीला आली होती. एकानं फाइल लावली की दुसऱ्याची बंद पडायची. दोन दिवस खपून संगणकावर नवी प्रणाली टाकली. आता कुठलाही प्रोग्रॅम साउंड कार्डाशी थेट बोलत नाही. पडद्यामागं एक साउंड सर्व्हर सतत चालू असतो, सगळे त्याला जोडले जातात आणि तो ज्याचा आवाज त्याच्या हेडफोनला पोहोचवतो. माझ्या पडद्यावर त्याची यादी दिसते: प्रत्येक जोडणीची एक ओळ, पुढं आवाजाची पातळी, शून्य ते शंभर. आठ जणं एकदम ऐकायला बसली आणि कुणाचंच अडलं नाही.

या प्रणालीत माईक मुळात बंद असतो. कुणी चोरून ऐकू नये म्हणून तशी सोय आहे. बंद असतानाही रेकॉर्डिंग चालतं, फाइल वाढत जाते, चूक दाखवली जात नाही; आत मात्र निव्वळ शांतता. मी माईक उघडायची आज्ञा दिली. ती संगणक बंद होईपर्यंतच टिकते, कायमची करायला सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहावी लागते. जानरावांना माईकपुढं बसवलं. ते म्हणाले, हॅलो हॅलो, आता काय बोलू, घरी तर मले कोनी बोलूच देत नाही. आवाज स्वच्छ आला. कामांच्या यादीत ‘माईक’पुढं बरोबरची खूण केली. ती ओळ उद्या लिहीन.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल दुपारी दोनदा लाइट गेली, कामाचा विचका झाला. आज कौशल्याबाई आल्या.

बाई एकाहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. इथली निम्मी पुस्तकं त्यांच्या आवाजात आहेत. त्यांच्या घशात कर्करोग आहे. चार डिसेंबरला नागपूरला ऑपरेशन. स्वरयंत्र काढून टाकणार. त्याआधी त्यांना एक पुस्तक वाचून संपवायचं आहे, जमीन महसुलाचं, एकोणीस प्रकरणांचं. ते दीपमालासाठी. दीपमाला तेल्हाऱ्याची, घरी कपाशीची शेती, जन्मापासून अंध. एकोणतीस डिसेंबरची महसूल खात्यातल्या नोकरीची परीक्षा ही तिची शेवटची संधी आहे, आणि हे पुस्तक दुसऱ्या कुणी वाचलेलं नाही.

बाई रोज अकरा ते एक वाचणार. मला म्हणाल्या, पोरी, गळ्यात जेवढं उरलं आहे तेवढं या पुस्तकात घालून जाते. पुढं मुकं राहायला मग काही वाटणार नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

नऊ प्रकरणं झाली. बाईंचं वाचन दाराच्या काचेतून दिसतं: ताठ मान, बोट ओळीवर. बाहेर आल्या की रुमालावर लाल ठिपके असतात. त्या तो घडी करून पर्समध्ये ठेवतात आणि जानरावांना चहात साखर कमी घातल्याबद्दल झापतात.

नियम असा की रोजच्या रेकॉर्डिंगमधलं एखादं मिनिट ऐकून तपासायचं. मी ऐकत नाही. तीस वर्षं शिकवलेल्या बाईंना तपासणं मला उद्धटपणाचं वाटतं. की हा आळस आहे, आणि मी त्याला आदराचं नाव देते आहे? फाइलीची लांबी बघते. दोन तास. रजिस्टरमध्ये ‘तपासलं’ लिहून सही करते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

एकोणिसावं प्रकरण संपलं. जानराव आलूबोंडे घेऊन आले. बाईंना गिळवेना, त्यांनी आपला बोंडा दीपमालाच्या हातावर ठेवला. दीपमाला म्हणाली, बाई, मी साहेब झाली का तुमाले गाडीत बसवून तेल्हाऱ्याले नेतो. बाई म्हणाल्या, आधी पास हो, गाडीचं मग पाहू. आवाज पार चिरका झाला होता.

२ डिसेंबर, सोमवार

आज फाइली नावं घालून दीपमालासाठी ठेवायच्या होत्या. पहिली लावली. काही ऐकू आलं नाही. हेडफोन बदलला. दुसरी लावली. मग आवाजाचा आलेख उघडून बघितला: आडवी सरळ रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकोणीसच्या एकोणीस.

मी ती ओळ लिहिलीच नव्हती. सात तारखेला लाइट गेली, संगणक नव्यानं सुरू झाला आणि माईक बंद झाला. अडतीस तास बाई गाद्यांच्या भिंतीपुढं वाचत होत्या. मी एक मिनिट ऐकलं असतं तरी पुरलं असतं.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. सगळं आलं ना, पोरी? नसेल तर उद्याचा दिवस आहे माझ्याजवळ, दोन-तीन प्रकरणं तरी पुन्हा वाचते.

मी म्हटलं, सगळं आलं बाई. स्वच्छ आलं.

ऑपरेशनच्या तोंडावर त्यांना धक्का नको, असं मी स्वतःला सांगते आहे. हे लिहिताना कळतं आहे की त्या क्षणी बाईंचा विचार माझ्या मनात नव्हताच. रजिस्टरमधल्या एकोणीस सह्या होत्या.

४ डिसेंबर, बुधवार

ऑपरेशन झालं. आवाज गेला. बाई आता मुलाकडे अकोल्याला राहतील.

९ डिसेंबर, सोमवार

दीपमालानं पुस्तक मागितलं. फाइली साफ करते आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, साफ काहून करता मॅडम, बाईचा खोकला आला तरी मले चालते. उद्या सगळ्यांसमोर खरं सांगायचं ठरवलं आहे.

११ डिसेंबर, बुधवार

काल सांगितलं नाही. आज सांगणार होते, पण सकाळी दीपमाला हसत माझ्या टेबलाशी आली. फाइली तिनं स्वतःच शोधल्या होत्या. म्हणाली, पयलं प्रकरण आइकलं, काय वाचलं बाईनं! अन् तुमी म्हनता साफ करायच्या हायेत.

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले, तिचाच हेडफोन लावला, तीच फाइल. काही नाही. तिनं हेडफोन परत घेतला आणि मान डोलावत बाईंच्या मागोमाग वाक्यं म्हणायला लागली. मी पुस्तक उघडून ताडून बघितली. शब्द न् शब्द बरोबर.

जानरावांनाही ऐकू येतं. ते म्हणाले, आवाज तर ठणठणीत हाये बाईचा.

मलाच येत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

आलेख आजही सपाट आहे. पण सर्व्हरच्या यादीत एक ओळ जास्त आहे. आठ जोडण्या हेडफोनच्या. नववी कुठल्याच प्रोग्रॅमची नाही. तिला नाव नाही. बाकीच्या आठ आवाज घेतात, ही देते. पातळी ९६.

दीपमालानं आणखी एक गोष्ट सांगितली, कौतुकानं. मधेच थांबवून ती पाणी प्यायला गेली, तर परत येईपर्यंत बाई थांबून राहिल्या होत्या. श्वास ऐकू येत होता, म्हणाली.

१४ डिसेंबर, शनिवार

अकोल्याहून बाईंच्या सुनेचा, आरतीचा फोन आला. बाईंची जखम भरते आहे. पण दोन-तीन दिवस झाले, सकाळी कधीतरी एकदम ताठ बसतात आणि ओठ हलवायला लागतात. बोट चादरीवर ओळीनं फिरतं. तास-दीड तास. मग गळून जातात. आई वाचून राहिल्या असं वाटते, पण हातात काहीच नसते. वाचनालयात असं काही करत होत्या का, हे विचारायला फोन.

मी वेळा विचारल्या. नंतर दीपमालाच्या बसण्याच्या वेळांशी लावून बघितल्या.

त्याच आहेत.

पातळी ८१.

१७ डिसेंबर, मंगळवार

दीपमालानं सगळ्यांना सांगितलं. आठही खुर्च्या भरलेल्या. कुणी तिसरं प्रकरण लावलं आहे, कुणी बारावं, कुणी एकच पान पुन्हा पुन्हा. एका वेळी आठ जणांना आवाज पुरवायचा, कुणाचंच अडू द्यायचं नाही. हीच सोय मी केली होती.

आरतीचा फोन. ओठ इतके जलद हलतात की बघवत नाही. जेवण बंद. ओठांचे कोपरे फाटून रक्त येतं.

पातळी ४९.

आत जाऊन सांगावं: बंद करा, फाइली रिकाम्या आहेत, तुम्ही ऐकता ते रेकॉर्डिंग नाही. दारापर्यंत गेले. दीपमालानं पावलं ओळखली आणि विचारलं, काय झालं मॅडम?

काही नाही, म्हटलं.

१८ डिसेंबर

साउंड सर्व्हर बंद केला. यादी रिकामी व्हायला हवी होती. एक ओळ उरली.

हेडफोनांत वाचन चालूच. कुणीही मान वर केली नाही.

१९ डिसेंबर

फाइली पुसल्या. पण पेनड्राइव्हवर आधीच घेऊन गेलेत सगळे. खोलीवर ऐकतात, बसमध्ये ऐकतात.

दीपमालाला म्हटलं, हे पुस्तक ऐकू नकोस. तिनं विचारलं काहून. ती हळू आवाजात म्हणाली, मॅडम, माही शेवटची परीक्षा हाये. तुमाले मी पास झालेली नाही पायजे काय?

मला एक वाक्य बोलायचं होतं. ‘चूक माझी आहे.’ तीन शब्द—ते बोलले तर बाई वाचतील, हे माहीत असूनही—

पातळी २३.

२१ डिसेंबर, शनिवार. अकोला

सकाळच्या बसनं आले. बाई भिंतीला टेकून बसल्या आहेत. गळ्याला पट्टी. ओठ चालू. दोन्ही हातांची बोटं वेगवेगळ्या ओळींवर.

आरती चहाला आत गेली तेव्हा सांगितलं. माईक बंद होता. काहीही आलं नाही. तुम्ही फोन केलात तेव्हा मला माहीत होतं. मी खोटं बोलले.

ओठ थांबले. मला वाटलं, सुटल्या.

त्यांनी पाटी घेतली. सुंदर, शाळेतलं अक्षर: दीपमालाची परीक्षा कधी?

एकोणतीसला.

पुसून लिहिलं: मग वेळ आहे.

आणि ताठ बसल्या. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. सुरुवातीपासून—

मी पाय धरले. थांबत नाहीत. रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर—

२२ डिसेंबर

रात्रभर बसून आहे. त्यांची छाती हलते की नाही, दर मिनिटाला बघते.

पहाटे म्हटलं, बाई, मी वाचते. मला द्या.

खूप वेळ माझ्याकडं बघत होत्या. वर्गात वाचायला हात वर करणाऱ्या मुलीकडं बघावं तसं. मग होकाराची मान हलवली.

त्यांचे ओठ मिटले. झोपल्या. श्वास संथ आहे. आरती रडते आहे, हसते आहे, देवापुढं दिवा लावते आहे.

दुपार

दीपमालाचा फोन. उचलला, हॅलो म्हणता येईना. तीच बोलली. मॅडम, आता तुमी वाचून राहिल्या का? बाईच्या जागी तुमचा आवाज येते. चांगलं वाचता. थोडं जलद वाचा ना, दिवस कमी हायेत.

आरती विचारते आहे, ताई, तुम्ही काय पुटपुटता?

माझ्या हातात पुस्तक नाही. मी ते कधी वाचलेलंही नाही. तरी येतं आहे. चौथं प्रकरण, नोंदींचे प्रकार. आणि त्याच्याच आत अकरावं. आणि—

लिहिता येतं आहे तोवर लिहिते. बाई जाग्या होतील तेव्हा त्यांना दाखवा की मी—

बारावं. सहावं. पुन्हा सहावं.

पाणी हवं आहे. मागायला तोंड मोकळं होत नाही. आठही जणांनी एकदम ला—