खूण झाकणावर

३ फेब्रुवारी

लेथवर धातू कापताना तेल सोडायला घेतलेली सॉसची बाटली बाद! रात्रभर गळली. टेबलावर तेलाचं तळं, खाली बाबांची चप्पल न्हाऊन निघाली. त्याआधी जॅमच्या बरणीत ब्रश ठेवून पाहिला होता. तो लेथवर फिरणाऱ्या तुकड्यात अडकून टकला झाला.

बाबा स्टुलावर बसून मजा बघत होते. "धार काय कामाची? थेंब हवा. टूल कापतंय तिथेच, एक." आयुष्य लेथवर गेलेला माणूस, आता नुसता तोंडाने काम करतोय. डोळ्याच्या ऑपरेशनपासून मशीनला हात लावायची मनाई आहे ना!

५ फेब्रुवारी

सापडलं! बाबांच्या डोळ्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या! आई त्या खिडकीत जमवत होती – "कशाला तरी होतील." झाल्या. चोच उपटली, साबणाने धुतल्या, वाळवल्या, सिरिंजने कटिंग ऑइल भरलं, चोच दाबून परत बसवली. बाटली दाबली की एकच थेंब, नेमका ड्रिलच्या टोकावर.

आईच्या कपाळाला आठ्या. "औषधाच्या बाटलीत तेल? घोटाळा करून ठेवशील." म्हणून तेलाच्या बाटल्यांच्या झाकणांवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. आता तरी गप्प बसेल.

बाबांचं वाफेचं इंजिन जवळजवळ पुरं झालंय, तळहातावर मावेल एवढं. त्याच्या पायाच्या भोकांना स्क्रूसाठी आटे पाडायचे ते मी पाडीन. पिस्टन मात्र त्यांचाच. "तो मी करणार. डोळा निवळला की." त्यासाठीचा पोलादाचा तुकडा लेथशेजारी ठेवलाय. मी त्याला बोटसुद्धा लावलेलं नाही.

८ फेब्रुवारी

मला रजा मिळेना. बाबा एकटेच तपासणीला जाऊन आले. "छान आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई." पुढे काही विचारणार, तेवढ्यात चहा मागितला.

९ फेब्रुवारी

सुट्टी. बाबा दिवसभर मागच्या मशीनच्या खोलीत माझ्याजवळ. तिथेच मान मागे टाकून थेंब घातले, रुमालाने टिपले. मी भोकं पाडत होते. त्यांची बाटली, माझी बाटली, झाकणं, ड्रिल, चहाचे कप – सगळं एकाच टेबलावर. टेबल आवरायला हवं.

११ फेब्रुवारी

आई भडकली. बाबांचे रुमाल तेलकट! "यांना मशीनला हात लावू देतेस तू!" मी नाही म्हटलं. बाबा म्हणाले, "शपथ घेऊ?" तिला पटलं नाही. खरं तर मलाही नाही. पण मनातून बरंच वाटलं. हात शिवशिवतायत म्हणजे माणूस बरा होतोय.

१२ फेब्रुवारी

घाईत लिहितेय. अक्षर बघा!

इंजिनाच्या पायाला आटे पाडत होते. थेंबामागून थेंब टाकतेय तरी आटे पाडायचा टॅप कुरकुरतोय. मग कट्! मोडून आत. बोटांवर थेंब चोळला. चिकटपणा नाही, वास नाही. पाण्यासारखा. आणि झाकणावर लाल ठिपका!

त्या दिवशी टेबलावर झाकणांची अदलाबदल झाली होती. खूण बाटलीवर करायची सोडून झाकणावर केली मी! माझी अक्कल कुठे चरायला गेली होती?

धावले. बाबांच्या उशाजवळची बाटली तळहातावर दाबली. पिवळं तेल.

"हे घातलंत डोळ्यात?"

"हो... वेळच्या वेळी."

आईने पाण्याचा तांब्या आणला. मी त्यांच्या डोळ्यात पाणी ओतत राहिले. बाबा आपले म्हणतायत, "अगं पुरे, नाकात जातंय!" तशीच गाडी काढली.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. डोळ्यात तेलाचा मागमूस नाही. साधी लालीसुद्धा नाही! मी तिथेच रडले. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मागच्या वेळीच सांगितलं होतं त्यांना. या डोळ्याला नजर परत यायची नाही. घरी बोलले नाहीत?"

१३ फेब्रुवारी

बाबा आज बोलले. थेंब रुमालात जात होते. "दिसणारच नाही, तर घालू कशाला?" (थेंब तरीही घालायचेच, म्हणून काल डॉक्टरीणबाईंची बोलणी खाल्लीत.) तेल तर त्यांनी वासावरून लगेच ओळखलं होतं. "पण सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, डोळ्यात कसं नाही गेलं." पिस्टनसाठी मी थांबलेय, हे त्यांना बघवत नव्हतं, आणि सांगवतही नव्हतं.

मोडलेल्या टॅपबद्दल मात्र माफी मागितली. मला फार राग आला. मग फार वाईट वाटलं.

१५ फेब्रुवारी

बाबांनी पोलादाचा तुकडा स्वतः लेथच्या चकमध्ये, त्याच्या जबड्यात, आवळला आणि बाजूला झाले. "कर."

"तो तुमचा आहे, बाबा."

"मी तेल घालतो. टूल कोरडं पडलं की आवाज बदलतो, मला कळतं."

पहिला थेंब माझ्या मनगटावर पडला. दुसरा बरोबर टूलवर.