रडलीस तरी घड्याळ तुझंच

सोमवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं लांबवत होतो, कबूल. आधी पेन मिळेना. मिळालं, तर वॉर्डाबाहेरच्या रंगाऱ्यानं शिडी धरायला बोलावलं, मग ब्रशच हातात दिला... असो. खरं म्हणजे धीर होत नव्हता.

तुझ्या चिमणीच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. पण पोर हलतच नाही. नर्सबाईंनी विचारलं की म्हणते, अजिबात दुखत नाही. सगळ्यांनी वाहवा केली, मामा म्हणून मीही फुगलो. दुपारी पत्ते मांडले आणि नेहमीसारखा राजा मांडीखाली दडवला. तिनं पकडलंच नाही! एरवी माझी चोरी ही डोळे मिटून पकडते. मग दिसलं, तिची मूठ चादरीत रुतली होती आणि मनगटावर तिच्या आजोबांचं, अप्पांचं घड्याळ. आपल्या घरचं ते जुनं बक्षीस, न रडणाऱ्याला!

डॉक्टरीणबाईंना अक्षरशः ओढून आणलं. त्या म्हणाल्या, साधी औषधं तोकडी पडताहेत, मॉर्फिन द्यायला हवं. पण तिच्या आईनं, म्हणजे तूच, आधीच नको म्हणून सांगितलंय. सवय लागेल हे अप्पांचं भूत माझ्याही मानेवर होतंच, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, वजनाप्रमाणे मोजून देतो, श्वासावर लक्ष ठेवतो, जखम भरेल तसं कमी करत बंद करतो. असं थोडे दिवस, जपून दिलं तर ती भीती फार थोडी. दुखणं तसंच ठेवलं तर मात्र ही पाऊल टाकायलाच घाबरेल.

तू बाळंतीण, निघू नकोस. बसच्या ड्रायव्हरच्या हाती हे देतोय, त्याच्याच हाती उत्तर दे. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
भटक्या


सोमवार, संध्याकाळ

चि. भटक्यास,
अ. उ. आ.

बाहेर हॉर्न, घरात बाळाचं रडं, म्हणून थोडक्यात. डॉक्टरीणबाईंना सांग, द्या म्हणावं. हे पत्रच दाखव. अप्पा फुगून अंगणात बसलेत, बसू देत. आणि चिमणीच्या कानात सांग, आईचा निरोप आहे, रडलीस तरी घड्याळ तुझंच.

तू तिथे मामा म्हणून गेला आहेस की रंगारी म्हणून? वेळेवर जेव. सगळा जीव तुम्हा दोघांपाशी ठेवून बसले आहे.

तुझी,
ताई


रविवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिंकलो! तुझा निरोप सांगितला आणि चिमणीनं असं भोकाड पसरलं की रंगारी शिडीवरून वाकून बघायला लागला. मग औषध दिलं. मूठ हळूहळू सुटली. ती झोपली, नर्सबाई तिचा श्वास बघत उशाशी. उठल्यावर पहिलं काम काय, तर मला लबाड ठरवलं! पोट तेवढं जड झालंय, त्यावरही औषध चालू आहे. मॉर्फिन आता कमी करत आणलंय. काल कठडा धरून उभी राहिली. चालायचं पुढच्या आठवड्यात बघू म्हणतात.

व्हरांड्यातल्या बाकावर डाव मांडून बसलोय, राजा याच कागदाखाली आहे. अप्पांना सांग, घड्याळ बरोबर चाललंय. लोभ आहेच, त्यात थोडी भर घाल.

तुझा,
भटक्या

ता. क. ताई, थांब! चिमणी इथे आली आहे. खाटेपासून व्हरांड्यापर्यंत, वॉकर ढकलत, आपल्या पायांनी! मागे नर्सबाई, हात नुसते पसरलेले. आणि ही मला कागद उचलायला सांगते आहे.