जोडताऱ्याचं घर

सोमवार, ३ फेब्रुवारी

नोकरी लागली! हुबळीत, कोप्पीकर रोडवर, साड्यांच्या दुकानाच्या माडीवर. ज्योतिषी अप्पाजींकडे कॉम्प्युटरवर पत्रिका तयार करायच्या. बेळगावला फोन करून सांगितलं तर बाबा हसून हसून बेजार. आम्ही बौद्ध, घरात कधी कुणाची पत्रिका झाली नाही, आणि त्यांचा प्रशिक आता गावभर पत्रिका वाटणार. मला काय, ग्रह कुठेही बसोत. बायकोला, उत्तराला आठवा महिना चालू आहे आणि डॉक्टरांनी वीस मार्च तारीख दिली आहे.

अप्पाजी माणूस मजेशीर. मला 'तम्मा' म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. दुपारी गिरमिट, म्हणजे इथली चुरमुऱ्यांची भेळ, आणि मिरची भजी स्वतःच्या हाताने पुढे सरकवतात. इथं माझं छान जमणार.

सोमवार, १० फेब्रुवारी

अप्पाजींची खासियत कळली, जोडतारा. आकाशातल्या कितीतरी ताऱ्यांना जोडीदार असतो, मग आपला सूर्यच एकटा कसा, असं त्यांचं म्हणणं. तो जोडीदार अजून कुणाला दिसलेला नाही, पण काही माणसांना जाणवतो. दाजीबानपेठेतले कापडाचे व्यापारी सिद्रामअण्णा आज आले होते. त्यांना लहानपणापासून पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. अप्पाजींनी त्यांच्या पत्रिकेवर पेन्सिलीने एक गोल काढला, पण बारा घरांच्या चौकटीबाहेर.

आत का नाही, मी विचारलं. ते म्हणाले, घरं जन्मलेल्या माणसाची. तो आत बसलेला असतो, म्हणून जोडताऱ्याला बाहेर उभं राहावं लागतं. सॉफ्टवेअरमध्येही 'काल्पनिक ग्रह' असं बटण आहे, पण त्याला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद मिळाली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अप्पाजी अळणावरला गेले होते. गिऱ्हाईक नाही, काम नाही. मग काय, आमच्या बाळाचीच पत्रिका काढली. वीस मार्च, वेळ ठोकून दिली सकाळी साडेदहा, आणि नावाच्या जागी 'बाळ'. मग ते बटणही दाबलं. गोल थेट पहिल्या घरात येऊन बसला.

उत्तराने हसून तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सिद्रामअण्णा पेढे घेऊन आले. पाठीमागचा गेला म्हणाले, चौदा तारखेच्या शुक्रवारपासून. आणखी एका बाईंचाही तसाच फोन आला. मी अप्पाजींचं अभिनंदन केलं, पण त्यांनी पेढा हातातच ठेवला. कुणाच्याच चौकटीबाहेर तो सापडत नव्हता. कुठेतरी आत शिरलाय, असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले.

मी हसत हसत सगळं सांगून टाकलं. त्यांनी पेढा खाली ठेवला. पोटातल्या लेकराची पत्रिका काढत नाहीत, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं तम्मा, म्हणाले. मला कोण सांगणार होतं? आमच्या घरी पत्रिकाच नाही, तर तिचे नियम कुठून येणार?

अप्पाजी म्हणाले, न जन्मलेल्याची पत्रिका म्हणजे दार उघडं टाकलेलं रिकामं घर. कागद फाडून उपयोग नाही. लिहिलेल्या वेळेला कुणीतरी जन्मणारच, तेव्हा लेकरू त्याच वेळेला जन्मू दे, म्हणाले. त्या वेळेला जोडतारा आत आला तर आतल्या लेकराला बाहेर जावं लागतं.

सोमवार, ३ मार्च

माझा विश्वास नाही. तरी कागद फाडला. उत्तराचं बीपी वाढलंय आणि डॉक्टर लवकर ऑपरेशन करू म्हणतात. वीस तारखेपर्यंत थांबता येईल का, मी विचारलं तर ते चिडले. उत्तरा रडली. माझ्या जिवापेक्षा तुला तारीख मोठी का, म्हणाली. लाज वाटली. पण भीती काही जात नाही.

शनिवार, ८ मार्च

मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाव आरुषी. माझं बोट धरून झोपली. इतका आनंद मला आजवर कधी झाला नव्हता.

शुक्रवार, १४ मार्च

घरी आलो. उत्तरा आरुषीला पाळण्यात अगदी कडेला निजवते. मी मधे सरकवतो, ती पुन्हा कडेला. का, विचारलं. जागा लागेल ना, म्हणाली. कुणाला ते मी विचारलं नाही.

बुधवार, १९ मार्च

अप्पाजींनी ऑफिसला कुलूप लावलंय. फोन उचलला कसाबसा. मी म्हणालो, आरुषी आधीच जन्मली, तिची वेळ वेगळी, मग तिला कसली भीती? ते म्हणाले, वेळ वेगळी, पण आई एकच तम्मा. घर एकच.

गुरुवार, २० मार्च

दहा वाजले. आरुषी माझ्या मांडीवर. पाळणा रिकामा. उत्तरा न्हाणीत.

साडेदहा. काही नाही. हसू येतंय मला, उगाच इतके दिवस —

रडणं. आरुषीचं नाही. तिचं तोंड मिटलेलं आहे. पाळण्यातून —

उत्तरा आली. घाबरली नाही. वाकली, पाळण्यातून उचललं — हात रिकामे, तरी ओझं धरल्यासारखे. पदराखाली घेतलं. रडणं थांबलं.

आता आरुषी रडतेय. मी म्हणालो, हिलाही भूक लागलीय. उत्तराने माझ्या मांडीकडे बघितलं. विचारलं, कुणाला?

आरुषीला म्हणालो. तिने विचारलं, कोण आरुषी —

रडणं बारीक होतंय. मांडी हलकी — मी खाली बघणार नाही. तिचं नाव लिहीत राहतो. लिहिलं तर राहील. आरुषी. आरुषी. आरु