गुंडा हजर आहे

इस्लामपूर, चैत्र, १९७६

तीर्थस्वरूप नाथादादा यांच्या चरणी धाकट्या मावसभावाचे, म्हणजे ज्ञानूचे, थरथरते दंडवत. तुमची तब्येत कशी आहे? वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला का? फलटणला विहिरींना पाणी टिकून आहे ना? आमच्याकडे सर्व क्षेमकुशल आहे असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, ते खरे धरू नये. रस्त्यावर फटफटी वाजली की मी दाराला कडी घालतो, आणि हल्ली इथे दूधवाल्यानेही फटफटी घेतली आहे. (अक्षर वळणदार दिसले म्हणून माझी प्रकृती बरी आहे असा समज करून घेऊ नये.)

नानासोंचा ऊस गाळायच्या चरकांचा कारखाना तुम्ही पाहिलाच आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, एक भट्टी आणि दहा-बारा माणसे. तिथली हजेरी लिहायची, पगारपत्रक करायचे, बाजारच्या आदल्या दिवशी अंगठे घेऊन पगार वाटायचा, एवढे माझे काम. नानासो पहिल्या दिवशीच म्हणाले होते, ‘‘ज्ञानू, सही तुजी, तवा जबाबदारीबी तुजीच.’’ त्या वेळी मला ते मानाचे वाटले होते. माझ्या लग्नातसुद्धा मी ते चारचौघांत सांगितले होते. आता तेच वाक्य मी कुणापुढे काढत नाही.

आता आपल्याकडचा पैरा तुम्हाला सांगायला नको. आज तुमच्या भांगलणीला आमचे माणूस, उद्या आमच्या कापणीला तुमचे. पण हा पैरा शेतातून निघून आमच्या शेडमध्ये कधी शिरला हे मला कळलेच नाही. कुणाची उसाला पाण्याची पाळी आली, कुणाची गाय व्यायली, की तो स्वतःच्या जागी भाऊ नाहीतर मेहुणा पाठवून देतो, आणि पुढे त्याचे काम करून फेडतो. मी हजेरी नावाला लावतो, पगार नावाला देतो, आत कुणी कुणाला काय दिले ते त्यांचे ते पाहतात. आजवर एक तक्रार नाही, एक शिवी नाही. (नानासोंच्या सख्ख्या भावांत वाटणीवरून कोर्ट चालू आहे, हे ओघाने आले.) जागा रिकामी राहिली नाही ना, मग आमचा कामगार गुंडा शेतात असला तरी हजर! यात काही चूक आहे असे मला स्वप्नातही वाटले नाही. दादा, तुम्हाला तरी वाटले असते का?

तर गेल्या आठवड्यात गुंडाची पाण्याची पाळी आली. त्याने मेहुणा अर्जुना पाठवला. अर्जुनाच्या पायावर लोखंड पडले, म्हणून त्याने चुलता पाठवला. चुलत्याला थंडी वाजून ताप भरला. अर्जुनाच्या घरात आता उरली कोण, तर गुंडाची सासू हरणाबाई. म्हातारी कासोटा घालून आली आणि ओतकामाच्या साच्यांची वाळू चाळायला बसली. काम गुंडापेक्षा चांगले करते, हे मी नानासोंच्या कानावरही घातले होते. आणि नेमकी त्याच दिवशी कामगार खात्याच्या साहेबांची फटफटी दारात उभी राहिली.

साहेबांनी आल्या आल्या सांगितले की नेहमीचे साहेब रजेवर आहेत, त्यांच्या जागी मी आलो आहे. चेहरा असा की सध्या आणीबाणी आहे हे वेगळे सांगायची गरजच नव्हती. हजेरीपुस्तक मागवले आणि एकेक नाव पुकारायला लागले. आपली माणसे इमानी. जो ज्याच्या जागी उभा होता, त्याने त्याच्या नावाला ओ दिली. ‘‘गुंडा!’’ म्हटल्याबरोबर हरणाबाई पदर सावरत उठली आणि म्हणाली, ‘‘हाय की मी.’’ साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हरणाबाई तिथेच होती. मग त्यांनी तिला बायकोचे नाव विचारले. तिने सांगितले, ‘‘अंजना.’’ मुले किती, तर म्हणे चार. दादा, यातला एक शब्द खोटा नाही, सगळे गुंडाचेच आहे! पण साहेबांनी तो चारचा आकडा तांबड्या शाईने लिहून घेतला. ही बातमी शिवारात पोचली तसा गुंडा नसबंदीच्या धास्तीने जो उसात शिरला आहे, तो अजून बाहेर आलेला नाही. भाकरी बांधावर ठेवली तर नेतो, पण हाक मारली तर ओ देत नाही.

साहेब मग अंगठ्यांकडे वळले. भिंग काढून म्हणाले, एका माणसाला इतके अंगठे कसे? मी खाली वाकून न पडलेला टाक शोधायला लागलो. त्यात हरणाबाईला माझी दया आली, आणि तिने तोंड उघडले. ‘‘आवं सायेब, त्येला कशाला भ्या घालता? तुमीबी दुसऱ्याच्याच जागी आलाय न्हवं?’’ सगळी शेड हसली. भट्टीवरचा मुका तानासुद्धा हसला. साहेब मात्र हसले नाहीत. माझ्यापुढे कोरा कागद सरकवून म्हणाले, लिहा जबाब, ही बाई कोण? आता मी काय लिहावे? डोक्यात एवढेच, की हजेरीत गुंडा आहे आणि हजेरीवर सही माझी आहे. मी लिहिले, ‘सदर हरणाबाई हीच गुंडा असून मी तिला चांगला ओळखतो.’ आणि खाली सही केली. अगदी लफ्फेदार.

त्या कागदापायी सोमवारी मला सांगलीच्या कचेरीत बोलावले आहे. नानासो म्हणतात, जाऊन ये, काय खात न्हाईत. पण ते माझ्या डोळ्यांकडे बघत नाहीत. कोण म्हणतो नोकरी जाईल, कोण म्हणतो बेड्याच पडतील. मला खरोखर फार भीती वाटते, दादा. वहिनींना नमस्कार, लेकरांना गोड पापा. तुरुंगात पत्र येऊ देतात का ते तुम्हाला माहीत असेल.

तुमचा,
ज्ञानू

ता. क. : तुम्ही पलटणीत होता, साहेबापुढे तुमचे पाय कापत नाहीत. नाक आपले दोघांचे एकच, आजोबांचे. सोमवारी माझी काळी टोपी घालून सांगलीला ‘ज्ञानू’ म्हणून उभे राहता का? फेड म्हणून वहिनींच्या माहेरच्या जत्रेला तुमच्या बदली मी जाईन आणि सासऱ्यांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकेन.

ता. क. दुसरा : भावजी, विजयमालाचा नमस्कार. वरचे सगळे यांनी सांगितले आणि मी लिहिले, कारण यांचा हात कापतो. हे आता माळ्यावर गुळाच्या ढेपांमागे बसले आहेत. यांच्या पोटात अन्न नाही, ते बघवत नाही. तुम्ही सांगलीला जाऊ नये. सोमवारी मीच जाते आहे, हरणाबाईला सोबत घेऊन. यांचे नाव पुकारले की हजर म्हणेन, आणि लगेच माझे खरे नावही सांगेन. त्या दिवशी एवढेच सांगायचे राहून गेले होते. आलेल्याला काम दिले, कुणाची मजुरी बुडवली नाही, हे सांगायला माझी सातवी पुष्कळ झाली. भीती मलाही वाटते, पण दोघांनी माळ्यावर बसून कसे चालेल?

तुम्ही फक्त रविवारी मुक्कामाला या. सोमवारी पहाटे म्हशीची धार काढायची आहे, आणि ती माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही. माझे लुगडे दांडीवर काढून ठेवले आहे. मिशी पदराखाली नीट झाकून घ्या. आमची म्हैस जबाब घेत बसत नाही, लाथ मारते.