सेल आधी उतरू द्यावा

२० जुलै १९९६

प्रिय गहिनीनाथ,

'प्रिय' हा शब्द मी खोडला होता, मग पुन्हा लिहिला. पत्राची रीत म्हणून तो राहू द्या, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. एका घरात राहणाऱ्या नवरा-बायकोला पत्राची गरज पडत नाही, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आता हेच बरं वाटतंय, कारण कागदासमोर 'मला ऐकू आलं नाही' असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

आधी त्या बिनतारी हेडफोनबद्दल, कारण काही दिवस तो तुम्हालाच सांभाळायचा आहे. त्यातले सेल मेलेत. नवे नगरला मिळतात, हे तुम्हाला मागेच सांगितलं होतं. नवे बसवलेत तर चार्जिंगची रीत एवढीच: सेल आधी पुरता उतरू द्यावा, मग एका दमात भरावा, आणि भरला की चार्जिंगच्या स्टँडवरून काढून ठेवावा. अर्धवट उतरलेला सेल पुन्हा पुन्हा भरत राहिलं की तो अर्ध्यावरच दम टाकायला शिकतो. रात्रंदिवस स्टँडवर ठेवला तर तापून खराब होतो. मस्कतला नोकरीला असलेल्या छगनभाऊंनी तिथून तो आणला तेव्हा खोक्यातल्या पुस्तिकेत हे सगळं होतं. मी ते वाचून तुम्हाला मराठीत समजावलं. तुम्ही हसलात. "पाथर्डीत वाढलेल्या मानसाला भरायचं शिकवती व्हय? पानी आलं का हंडा भरायचा, मग तो अर्धा असू दे न्हाईतर रिकामा. लाइट आली का सेल भरायचा. उतरायची वाट बघत बसलो अन् लाइट गेली तर?" लाइट गेली तर टीव्हीपण बंद पडतो, मग हेडफोन कशाला लागेल, असं मी विचारलं, तेवढ्यात तुम्ही तो कानाला लावला.

पाथर्डीला, पाण्याच्या टंचाईत, सासूबाईंकडे मी राहिलेली आहे. पेल्यात उरलेलं घोटभर पाणीसुद्धा त्या पुन्हा हंड्यात ओततात. तुमचं म्हणणं कुठून येतं ते मला कळत होतं, म्हणून मी वाद सोडला. लाइट आली की हातातलं काम टाकून तो स्टँडवर ठेवत राहिले. सेल तुमच्या नियमाने मेले, पण हात माझा होता. मरणार हे मला ठाऊक होतं, आणि 'मरू देत, मग कळेल' असंही मनात येऊन गेलं. ते मी रोजनिशीत त्याच दिवशी लिहून ठेवलंय. तेव्हा त्याचा सगळा दोष तुमच्यावर घालत नाही. पुढचा मात्र घालते.

तो आणला कशासाठी, ते तुम्ही विसरला असाल. दिशाची दहावी होती. दोन खोल्यांचं घर, ती स्वयंपाकघरात अभ्यासाला बसायची आणि तुम्हाला बातम्या सोडवत नव्हत्या. पोरीला त्रास नको म्हणून तुम्ही छगनभाऊंना सांगून तो मागवलात. त्या वर्षी मी माझ्या भावाला अभिमानाने सांगितलं होतं, की कारखान्यातला माणूस असून एवढा विचार करतो. दहावी झाली. हेडफोन मात्र कानावरून उतरला नाही. कारखान्यातून आलात की हातपाय धुऊन तो चढवायचा आणि जेवायला बोलावीपर्यंत टीव्हीसमोर. मी काही विचारलं तर तुम्ही बोट कानाकडे न्यायचात, नंतर नंतर तेही नाही. हळूहळू तुमच्या पाठीमागे घरात मोकळेपणाने बोलायची आम्हा मायलेकींना सवय लागली. ती सवय तुम्हीच लावलीत.

बारावीचा निकाल लागला आणि दिशाने गुरांची डॉक्टर व्हायचं ठरवलं. ते तिने तोंडावर, हेडफोन काढायला लावून सांगितलं, हे विसरू नका. तुम्ही 'बघू' म्हणालात. रविवारी वन्सं आणि त्यांचे यजमान मच्छिंद्र भाऊजी घोडेगावहून आले आणि भाऊजींनी आपल्या पुतण्याचं स्थळ सुचवलं. बैलांचे व्यापारी, बाजारात नाव, दारात जीप. दिशाने पुन्हा कॉलेजचं काढलं तर भाऊजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "गुरांचीच डाक्टर व्हायचंय ना तुला? मग आमच्याकडं लई गुरं हायती. फी न्हाई, परीक्षा न्हाई. ये की!" सगळे हसले. तुम्ही सगळ्यांत मोठ्याने हसलात. दिशा चहाचे कप उचलून आत गेली आणि म्हणाली, "आई, ह्यांच्यातल्या कुणाला तरी आधी मीच इंजेक्शन देईन." मला हसू आलं. मग भीती वाटली, कारण तुमचं हसणं मी ओळखते. ठरलेलं असतं तेव्हा तुम्ही तसे हसता.

म्हणून अर्जावर मी शिकवते त्या शाळेचा पत्ता घातला. शिरवळच्या कॉलेजचं पत्र शनिवारी शाळेत आलं, मी ते पर्समधून घरी आणलं. सोमवारी प्रवेशासाठी बोलावलं होतं. ही गोष्ट फक्त आम्हा दोघींना माहीत होती. त्या संध्याकाळी तुम्ही 'पान खाऊन येतो' म्हणून एसटीडी बूथच्या बाजूला गेलात. रविवारी सकाळी दारात जीप उभी राहिली. वन्सं, भाऊजी, तो पुतण्या, त्याचे आई-वडील, नारळ, सुपारी, साडी. 'सहज आलो' म्हणाले आणि मुक्काम टाकला. सोमवारी दुपारी जेवण करून गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मुलीला घेऊन गाडीत बसायचं धाडस मला झालं नाही. दिशाने साडी नेसायला नकार दिला, एवढंच काय ते आमच्या हातात राहिलं. तारीख गेली. मी शाळेतून फोन केला तर उत्तर मिळालं, जागा भरल्या.

तारीख फुटली कुठून, ह्याचा मी विचार करत बसले. तुमच्यावर संशय आला नाही, कारण तुम्हाला तर ऐकूच येत नव्हतं. मी दिशाच्या मैत्रिणीवर, वृषालीवर, ठपका ठेवला. शनिवारी दिशा गिरणीत दळण घेऊन गेली होती आणि वृषालीचं घर गिरणीला लागून. दिशा शपथ घेऊन सांगत होती, 'मी वृषालीला काही बोलले नाही.' मी मानलं नाही. त्या पोरीला दारात उभं करून 'आमच्या घरातलं बाहेर नेतेस' म्हणाले. ती रडत गेली. नंतर मी तिच्या घरी जाऊन तिच्या आईसमोर तिची माफी मागितली. तुमच्या वतीने मागितली नाही. ती तुमच्याकडून यायची बाकी आहे.

त्यानंतरची गोष्ट साधी आहे. तुम्ही कामावर होतात आणि दिशा डोकं दुखतं म्हणून झोपली होती, तेव्हा टीव्ही बघायला मी हेडफोन लावला. कार्यक्रम रंगात येण्याआधीच आवाज चिरका झाला आणि बंद पडला. उजव्या कानावरचा तांबडा दिवा विझला. मी पुस्तिकेप्रमाणे पुरता भरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, बातम्या संपायच्या आत मुका. त्या संध्याकाळी तुम्ही आलात, तो चढवलात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बसलात. मी पाणी द्यायच्या निमित्ताने जवळून गेले. दिवा विझलेला होता. हेडफोनच्या स्टँडची पिन टीव्हीला लावल्यावर टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे तुम्ही मुक्या टीव्हीसमोर, मेलेला हेडफोन लावून बसला होतात. मधेच हसलातसुद्धा. पडद्यावर साबणाची जाहिरात चालू होती.

तरी मी लगेच ठरवलं नाही. थकलेला माणूस शांतता हवी म्हणूनही तसा बसत असेल, असं मी स्वतःला समजावलं. उगाच आळ नको, म्हणून एक खात्री करून घेतली. आमटीत नेहमीसारखं मीठ घातलं आणि तुम्ही हेडफोन लावून टीव्हीसमोर असताना स्वयंपाकघरात दिशाला हळू आवाजात म्हणाले, "अगं बाई, आमटीत मीठच विसरले बघ. राहू दे, आता कोण उठतं." पानं घेतली. तुम्ही बसलात, आणि घास घेण्याआधी मिठाची बरणी पुढे ओढून आमटीत दोन चिमट्या टाकल्यात. मग ती खारट आमटी शेवटपर्यंत खाल्लीत, कारण बोलायची सोय उरली नव्हती. दिशा हसू दाबायला पाणी आणायला उठली. मला मात्र हसू आलं नाही. इतक्या महिन्यांत मी तुमच्या पाठीमागे काय काय बोलले होते, ते एकेक आठवत मी जेवत होते.

परभणीच्या कॉलेजचं बोलावणं ह्याच सुमारास आलं. आता आम्ही काय केलं ते ऐका, म्हणजे वाचा. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात जे जे कानावर पडलं, ते तुमच्यासाठी बोललेलं होतं. शिरवळला एक जागा रिकामी झाली, शुक्रवारी पहिल्या गाडीने पुणे, शिवाजीनगरला उतरून पुढे जायचं. दिशा तर नाटकात काम करावं तशी बोलत होती. "आई, बाबांना कळलं तर?" "त्यांना कुठे ऐकू येतंय?" तुमची मान जरासुद्धा हलली नाही. गुरुवारी तुम्ही 'कारखान्याच्या कामाला चाललो' म्हणून निघालात आणि भाऊजींना घेऊन शिवाजीनगरच्या स्टँडवर जाऊन बसलात, हे मला वन्संकडून फोनवर कळलं. नगरकडून येणाऱ्या गाड्या तुम्ही दोघांनी शुक्रवारी दिवसभर तपासल्यात म्हणे. तुम्ही निघालात त्या गुरुवारीच आम्ही परभणीसाठी औरंगाबादची गाडी धरली. काल दिशाचा प्रवेश झाला, माझ्या पगारातून फी भरली. आज तिला होस्टेलची खोली मिळाली. खिडकीतून गोठा दिसतो, ती खूश आहे.

खोटं बोलून मी तुम्हाला दिवसभर स्टँडवर बसवलं, हे मला चांगलं वाटत नाही. चोरून ऐकणाऱ्याला खोटं ऐकवणं ह्यात कमी पाप कुणाचं, ह्यावर मी येताना गाडीत बराच विचार केला. उत्तर सापडलं नाही. पण पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन. आणि घोडेगावला 'नाही' असं मी स्वतः कळवलंय. वन्सं रागावल्या. रागावू देत.

हे सगळं घरी येऊन तोंडावरही सांगता आलं असतं. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने, आणि ते कारण मी वरच्या सगळ्या पानांत चुकवत आलेय. त्या शनिवारी दिशा दळणाचा डबा घेऊन निघाली, ती दारातून म्हणाली, "आई, ट्रंक काढून ठेव, सोमवारी सकाळच्या गाडीने निघायचं ना?" मी 'हो' म्हणाले. ती तारीख आमच्या घरात तेवढी एकदाच उच्चारली गेली. मग मी माळ्यावरची ट्रंक काढायला स्टुलावर चढले आणि ट्रंकेसकट खाली पडले. मनगट तेव्हाच गेलं. मी "अहो" म्हणून हाक मारली. पुन्हा मारली. दिशा गिरणीतून येईपर्यंत मी फरशीवर होते आणि मधल्या दारातून मला तुमची पाठ दिसत होती. ती धावत येऊन तुमच्या कानावरून हेडफोन ओढून ओरडली, तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारलात, "अगं, मला काय ऐकू येतंय ह्याच्यात?" मीच तुमची समजूत काढली, की तुमची काय चूक. दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून तुमच्या पाहुण्यांना पोहे दिले. त्या दिवशी सेल चालू होता असं मी मानायला तयार आहे. पण मग सोमवार तुम्हाला कळला कसा? सोमवार ऐकू आला असेल, तर त्याच्यामागून लगेच मारलेली हाकही ऐकू आली होती. दिशा रुळेपर्यंत मी इथेच, कॉलेजसमोरच्या लॉजवर आहे. पत्ता पाकिटावर आहे. तुमचं उत्तर आलं की मी राहुरीला घरी कधी यायचं, आणि यायचं का, ते ठरवीन.

आज तरी तुमचीच,
चांगुणा